ऊन लागलेला सूर

आमच्या सरांच्या घरी कूलर एकच होता, आणि तो माणसांसाठी नव्हता.

अमरावतीचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना यातला अन्याय वेगळा समजावून सांगायला नको. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डोक्यावर ओला पंचा टाकून पोळ्या लाटायच्या. मी पुढच्या खोलीत पंख्याखाली, घामाने एकमेकांना चिकटलेले कागद सोडवत बसायची. आणि मागच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा, काठोकाठ पाणी भरलेला कूलर एका लोखंडी मांडणीकडे तोंड करून गार हवा सोडत असायचा. त्या मांडणीत पूर्वी कायद्याची जाडजूड पुस्तकं होती. ती सरांनी जमिनीवर रचून ठेवली आणि त्यांच्या जागी स्वतः बनवलेलं एक यंत्र बसवलं. गाणारं यंत्र. त्याचं नाव अशील.

"अशील?" पहिल्या दिवशी मी विचारलं होतं.

"मंग काय म्हनू? माह्या सगळ्या अशिलायमंदी हा एकच खोटं बोलत नाही."

माझी आणि सरांची गाठ पडली ती नाइलाजाने. मी शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. अमरावतीला वकिली शिकले, सनद घेतली आणि मग कळलं की मुलीला ज्युनियर म्हणून ठेवायला शहरातले बडे वकील तयार नाहीत. कोणी म्हणे लग्न होऊन जाशील, कोणी म्हणे आमच्याकडे फौजदारी फार. शेवटी एकाने सरांचं नाव सुचवलं. "दिवाणीत हात धरणारा नाही कोणी, पण जरा..." असं म्हणून त्याने कपाळाजवळ बोट गोल फिरवलं.

सरांनी माझी गुणपत्रिका पाहिलीच नाही. एकच विचारलं, "गाता येते का?"

मी म्हटलं, गाण्याच्या क्लासला जात होते, पण बाईंनी नाव काढून घ्यायला सांगितलं. माझा सूर टिकत नाही, चढतो.

"चढते?" सर खुर्चीत सरसावून बसले. "किती चढते?"

"मला काय माहीत, सर. बाई म्हणायच्या, तू बेसूर आहेस."

"हरकत," सर म्हणाले. "चढते त्याचा इचार करता येते. उद्यापासून येजो."

हरकत हा त्यांचा लाडका शब्द. कोर्टात तर ते घ्यायचेच, पण भाजीत मीठ कमी पडलं तरी हरकत, पेपरवाल्याला उशीर झाला तरी हरकत, पाहुणा "निघतो आता" म्हणाला तरी हरकत. काकू म्हणायच्या, "सप्तपदीच्या वेळेसही घेतली असती यायनं, पन माह्ये बाबा न्यायाधीश होते, म्हनून गप रायले." काकूंचे वडील खरोखरच न्यायाधीश होते. सरांच्या हरकती फेटाळण्याचं काम त्या घरात त्याच करत. पण सरांवर उलटी हरकत घेणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

दिसायला सर उंच, किडकिडीत, नाकावर घसरलेला चष्मा. काळ्या कोटाच्या उजव्या बाहीवर कथिलाचे वाळलेले थेंब. कोर्टात जवळ उभं राहिलं की त्यांच्या अंगाला, तारा डाग देऊन जोडताना जळणाऱ्या राळेचा वास यायचा. एका न्यायाधीशांनी भर कामकाजात विचारलं होतं, "वकीलसाहेब, कोटावर हे काय सांडलंय?" सर कमरेत वाकून म्हणाले, "कथील आहे, साहेब. सकाळी एका अशिलाची दुरुस्ती केली." न्यायाधीश नवीन होते. ते बराच वेळ सरांकडे बघत राहिले.

अशील म्हणजे काय होतं हे सांगणं सोपं आहे, पटवणं अवघड. एका मोडक्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या, खाली तारांचं जंजाळ, वर जुन्या रेडिओंची गोल बटणं, आणि आत भंगारातल्या रेडिओंमधूनच काढलेले जुनाट ट्रान्झिस्टर. पट्टी दाबली की विजेतून सूर निघायचा. पेटीचा नाही, बासरीचा नाही, कशाचाच नाही, असा सूर. एक बटण फिरवलं की तो रुंद व्हायचा, दुसरं फिरवलं की नाकातून बोलल्यासारखा. ठेक्यासाठी पत्र्याच्या चकतीला खाचा पाडून ती ग्रामोफोनच्या मोटरवर बसवली होती. खाच आली की टक्. त्या खाचा सरांनी उगीच पाडल्या नव्हत्या. गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात ते स्कूटरवर जायचे, भजनाला बसायचे, आणि सगळे डोळे मिटून भजनात असताना हे उघड्या डोळ्यांनी खंजिरीवाल्याची बोटं बघायचे. घरी येऊन पत्रा कापायचा. त्यामुळे अशिलाचा ठेका ऐकला की अमरावतीतला कोणीही माणूस नकळत मान हलवायचा आणि मग आपण कशावर मान हलवतोय हे बघून चपापायचा.

ही खोड लागली कशी? तर कॉलेजात असताना सरांनी शॉर्टवेव्ह रेडिओवर परदेशातलं असलं एक गाणं ऐकलं. यंत्रावर वाजवलेलं, उड्या मारणारं, हसरं गाणं. त्या काळी तिकडे खोल्या भरतील एवढी यंत्रं घेऊन काही माणसं असले उद्योग करत होती, फिती कापून जोडत होती, आणि तिकडचेही लोक त्यांना वेडेच म्हणत होते. सरांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ते गाणं एकदाच ऐकलं आणि आयुष्यभर तसलं करायचं ठरवलं. गंमत अशी की शॉर्टवेव्हवर आवाज मधेच बुडतो, मधेच शिट्ट्या वाजतात, समुद्राच्या लाटेसारखा तो जातो आणि येतो. सरांना वाटलं, तोही त्या गाण्याचाच भाग. त्यांनी अशिलात खास एक बटण बसवलं, ते फिरवलं की गाणं बुडायचं, शिट्टी वाजायची आणि पुन्हा वर यायचं. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना इंटरनेटवर मूळ प्रकारातली तसली चार गाणी ऐकवली. स्वच्छ, कुठे बुडणं नाही की शिट्टी नाही. सरांनी सगळी नीट ऐकली.

"मंग या लोकायचं अर्धवटच रायलं म्हना," ते म्हणाले.

या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न अमरावतीला कायम पडलेला असे. एकदा ते रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीला अशील घेऊन गेले. परीक्षकांनी विचारलं, वाद्य कोणतं. सरांनी सांगितलं. परीक्षक म्हणाले, याला वाद्य म्हणत नाहीत, हे आपलं नाही. सर म्हणाले, "पेटी काय तुमच्या आजोबानं वावरात पेरली होती का?" झालं. तासभर युक्तिवाद चालला. मधे परीक्षकांनी, निदान तंबोऱ्याशी तरी जुळवून घ्या, अशी तडजोड काढली, त्यावरही हरकत. तंबोऱ्याने अशिलाशी जुळवून घ्यावं. शेवटी शिपायाने अदबीने दार उघडून धरलं आणि सर अशिलाला घेऊन निघाले, ते खटला जिंकल्यासारखे.

गणपतीतली गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखतची. मोहल्ल्यातल्या मंडळाने सरांना चुकून बोलावलं. सरांनी "चांदूर रेल्वे" नावाचं स्वतःचं गाणं लावलं. त्यात सरांनी स्वतःच्या आवाजात फितीवर भरून अशिलाला जोडलेले शब्द एवढेच, "गाडी येऊन राहिली, येऊन राहिली". तेच पुन्हा पुन्हा, खालून रुळांचा खडखडाट, मधेच फाटकाची घंटा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, गाडी काही येईना. मागून एक जण ओरडला, "आली का बे?" सगळं पटांगण हसलं. सर वाजवत राहिले. दर थोड्या वेळाने कोणीतरी विचारायचं, आली का, आणि अशील सांगायचा, येऊन राहिली. मग एका कार्यकर्त्याचं डोकं सणकलं. त्याने मागे जाऊन वायर उपसली. मंडपातले दिवे गेले, भोंगे गेले, अशील मात्र आपल्या छोट्या कर्ण्यातून गातच राहिला. आमच्याकडच्या लोडशेडिंगवर उपाय म्हणून सरांनी त्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडलेली होती. अंधारात तो एकटा आवाज, "येऊन राहिली". मुलं भ्यायली, बायका उठून गेल्या. सरांनी गाणं पूर्ण केलं, मगच पट्ट्यांवरचा हात काढला.

"ज्यानं चांदूरच्या फलाटावर गाडीची वाट पायली हाय," घरी परतताना ते म्हणाले, "त्याले हे गानं समजते. बाकीच्यायनं मोटारीनं जावं."

आता अशिलाचा दोष सांगते, कारण सगळी कथा त्याच्यापाशी येते. ते जुनाट ट्रान्झिस्टर तापले की सूर चढायचा. थंडीत अशील गुणी बाळासारखा जागेवर, पण चैत्र लागला की सकाळी जुळवलेला सूर दुपारी भलतीकडे. कूलर त्याच्यासाठी होता तो म्हणून. सर या दोषाशी कित्येक वर्षं भांडले. ओली पोती झाली, मातीचं आवरण झालं, एकदा तर अशील माठांच्या मधोमध ठेवून पाहिला. ऊन काही ऐकेना.

आणि मग माझं लग्न आलं. नवरा अकोल्याचा, लग्न अकोल्याला, मे महिन्यात, मुहूर्त भर दुपारचा. सर म्हणाले, "तुह्या मंगलाष्टकायले सूर माहा अशील देईन." मला नाही म्हणता आलं नाही. आई म्हणाली, देऊ दे ग बाई, त्यांनी तुला कामावर घेतलं तेव्हा दुसरं कोण होतं.

सरांनी पहाटे अमरावतीला, गारव्यात, अशील जुळवला आणि ओल्या पोत्यात गुंडाळून जीपने आणला. चूक तिथेच झाली. अमरावतीचं ऊन आणि अकोल्याचं ऊन यात काय फरक आहे ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल, पण अशिलाला सगळ्यात जास्त कळलं. मांडवाच्या कडेला त्याला ठेवला. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, छान झालं. दुसरं माझ्या मामीने उचललं, थोडं वर. मला वाटलं, मामीचा उत्साह. तिसरं सासरच्या आत्याबाईंनी, ज्यांच्या आवाजाचं अकोल्यात नाव होतं. त्या अशिलाचा सूर धरून सुरू झाल्या आणि अर्ध्यात त्यांचे डोळे मोठे झाले. तोवर कनातीतून उन्हाचा पट्टा सरकून थेट अशिलावर आला होता. सर तन्मयतेने पट्टी दाबून बसलेले. माणसं सुराच्या मागे जात होती आणि सूर उन्हाच्या मागे. आत्याबाईंचा आवाज फाटला. मग कोणीतरी काका, मग पुन्हा गुरुजी. शेवटचं सावधान तर गुरुजींच्या टाळूला लागलं, आणि ते म्हणून झाल्यावर त्यांनी मला हार घालायला सांगण्याआधी पाणी मागितलं.

मला रडू येत होतं. तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून दाबलेलं हसू ऐकू आलं. नवरा मुलगा खांदे हलवत हसत होता. हा माणूस बरा निघेल, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तसाच तो निघाला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "हे काय डबडं आनलं व?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "लगन हाय का तमाशा?"

सर उठले. घामाने कोट पाठीला चिकटलेला. "हरकत," ते म्हणाले. "मशीन चढली नाही. मांडव तापला. माह्या अशिलानं खरी साक्ष देली, एवढंच."

तेव्हा ती निव्वळ पळवाट होती. पण वकिलाचं एक असतं, तो आधी बाजू मांडतो आणि मांडता मांडता ती त्याला पटत जाते. महिनाभर सर स्वतःशीच पुटपुटत होते. मला आठवतं, एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवर ते अचानक थांबले आणि म्हणाले, "आपन मांगच्या इतक्या वर्षांपासून साक्षीदाराचं तोंड दाबून राहिलो काय?" मी म्हटलं, कुठल्या केसमध्ये, सर?

पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं. नवऱ्याची नोकरी अमरावतीतच होती, म्हणून मी सरांकडे टिकून होते. गाण्याचं नाव "ऊन". शब्द दोन ओळींचे, "ऊन वाढलं, ऊन वाढलं, सावली पायाखाली गेली". कूलर चालू, फीत चालू, अशील जागेवर. मी गायला लागले आणि वीज गेली. कूलर थांबला. अशील आणि फितीचं यंत्र बॅटरीवर, ते चालूच. सरांनी हात काढला नाही. मला डोळ्यांनी खुणावलं, गात राह्य. खोली तापायला लागली. सूर हलला. मी त्याच्यासोबत हलले. क्लासच्या बाईंनी जे करू नको म्हणून माझं नाव काढायला लावलं होतं, तेच मी करत होते, आणि समोरचा माणूस मान डोलावत होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, घसा कोरडा पडला, आवाज अशा जागी पोचला जिथे तो आधी कधी गेला नव्हता. तिथे तो थोडा फाटला. तसाच फाटका मी तो धरून ठेवला.

फीत परत ऐकल्यावर सरांनी ती उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावली. मग म्हणाले, "हेच."

त्या दिवसापासून नियम ठरला. एरवी अशिलाला गार ठेवायचं, कारण म्हाताऱ्या पुर्ज्यांना जपायला हवं. वाजवताना कूलर बंद. काकू म्हणाल्या, मग वाजवत असता तेव्हा तो माझ्याकडे आणून ठेवा. ती एक हरकत सरांनी निमूट मंजूर केली.

"ऊन" त्यांनी जिथे जमेल तिथे ऐकवलं. वकिलांच्या बार रूममध्ये, स्नेहसंमेलनात, लग्नाच्या पंगतीत. सगळीकडे एकच शेरा, यंत्र बिघडलेलं आणि बाई बेसूर. मला वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटायचं. सासरी कोणी गाणं म्हणायचा आग्रह केला की आत्याबाई पटकन विषय बदलत. मी गाणं सोडलं आणि वकिलीत मन घातलं. सर मात्र प्रत्येक शेऱ्यावर उसळून उठत आणि पुन्हा तीच फीत लावत.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोर्ट सुटलं, कानाला यंत्र आलं. काकू आहेत, कूलरही आहे, आणि आता तो रीतसर काकू आणि अशील यांच्या वाटणीत चालतो. गेल्या वर्षी माझ्या मुलीने "ऊन"चा एक तुकडा इंटरनेटवर टाकला. महिन्याभरात मुंबईहून एक तरुण आला, जुनं, विसरलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत शोधून त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या एका छोट्या मंडळीतला. पोरगा फार सालस होता. अशिलासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "सर, त्या काळात, या भागात, एकट्याने... मला शब्द नाहीत." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आयकलं का?" एवढंच.

तो फिती घेऊन गेला. काही आठवड्यांनी त्याने माझ्या फोनवर "ऊन" पाठवलं, "साफ करून". मी ते घरी एकटी असताना ऐकलं.

चढण गेली होती. संगणकाने सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका रेषेत बसवला होता, अशिलाचा आणि माझाही. फाटलेली जागा शिवल्यासारखी सलग झाली होती. एक तरुण बाई गात होती, गोड, स्थिर, अचूक. मी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. आणि रडले. मी अशी गाऊ शकले असते तर, असं नाही, मी अशीच गायले होते असं वाटायला लागलं. नवरा आला आणि दारातच थांबला. "ही तूच का ग?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, डोळे मिटले, पूर्ण ऐकलं.

"कोन हाय हे?"

"मी, सर. तुम्ही आणि मी."

"नाही," ते म्हणाले. "याले ऊनच लागलं नाही."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे वाचलेला माणूस तो.

"तुले आवडलं."

"सर, तसं..."

"शपथेवर हायस. आवडलं का नाही?"

"आवडलं, सर."

ते बाहेर, निंबाकडे बघत राहिले. पोरगा रेकॉर्ड काढणार ती अशीच, साफ केलेली. तसं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. आणि ती नाही निघाली, तर सरांच्या वयाला दुसरी निघायची वाट बघायला वेळ नव्हता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मंग मी सही करतो," सर म्हणाले. "तुह्यंही गानं हाय ते. माह्या हट्टापायी तू लोकायचं बेसूर बेसूर आयकत रायली. एकदा तरी सुरात आयकू दे लोकायले तुले."

मला इतका राग आला की काय सांगू. रेडिओच्या परीक्षकांपुढे, मंडळाच्या पोरांपुढे, माझ्या सासूबाईंपुढे जो माणूस तसूभर वाकला नाही, तो माझ्यापुढे वाकत होता. माझ्यासाठी. मी तशीच उठून आले. रस्त्यात डोळे पुसले आणि रिक्षावाल्याला धूळ गेली म्हणून सांगितलं.

मुंबईचा मुलगा करार घेऊन आला तो मे महिन्यात, ऐन दुपारी. मागची खोली, अशील, गार हवा सोडणारा कूलर. मुलाने कागद पसरले. "सर, इथे तुमची, आणि इथे मॅडमची." सरांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे बघून ते हसले, लेकीला सासरी धाडताना बाप हसतो तसं काहीतरी.

"हरकत," मी म्हणाले.

सरांचं पेन थांबलं. त्यांनी कानातलं यंत्र दाबलं. "काय म्हनली?"

"हरकत, सर." घराबाहेर, सरांसमोरही, मी कायम शुद्ध बोलते, तीस वर्षांची सवय आहे. त्या दुपारी ती सवय कुठे गेली कोण जाणे. "हे गानं अमरावतीच्या उन्हातलं हाय. मी चढली तवा चढली. मले खाली उतरवाची कोनाले परवानगी नाही."

मुलगा गोंधळला. "मॅडम, पण मूळ टेप जशीच्या तशी काढायला आमच्याकडे कोणी तयार होणार नाही. ऐकणाऱ्यांना ती चूक वाटेल."

"वाटू द्या."

"मग हे राहूनच जाईल, मॅडम. मला खरंच वाईट वाटतं."

"मलेही वाटते, दादा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "राहू द्या."

खोलीत नुसती कूलरची घरघर. दारात काकू येऊन उभ्या होत्या, हातात सरबताचे पेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण परत लावलं. ते नीट बसेपर्यंत दाबलं.

"मंजूर," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा, भर कोर्टातला.

मी उठले आणि कूलर बंद केला. घरघर थांबली तशी बाहेरच्या निंबावरच्या किड्यांची किरकिर आत आली. सर मांडणीपाशी सरकले. पट्टीवर बोट ठेवलं. अशील जागा झाला, थोडा घोगरा, वयानुसार. मी इतक्या वर्षांत गायले नव्हते. पहिली ओळ कशीबशी निघाली. ऊन वाढलं, ऊन वाढलं. दुसऱ्यांदा जरा बरी. मुलाने कागद गोळा केले, बॅगेत घातले, पण गेला नाही. भिंतीला टेकून बसला, रुमालाने मान पुसत. खोली तापत चालली. काकूंनी पेले खाली ठेवले आणि त्याही बसल्या.

"झळ येतेय," थोड्या वेळाने मुलगा हळूच म्हणाला. "खिडकी लावू का?"

"काहून?" सर म्हणाले. पट्टीवरचं बोट तसंच. "येऊ दे आत."

सूर हलला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चढले.